निवड कशी केली, तेवढे सांगा

प्रति,
महाराष्ट्रात सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्यांच्या परिषदा, अधिवेशने व चर्चासत्रे भरवणाऱ्या संयोजन समित्यांचे निमंत्रक आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी सरली की तुमची माहितीपत्रके व्हॉट्सॲपवर यायला लागतात. अनुदान मार्चअखेर खर्ची पडायचे असते, त्यामुळे जानेवारीपासून एकाच शनिवारी एकाच जिल्ह्यात दोन-दोन ‘राष्ट्रीय’ चर्चासत्रे भरतात. रंगीत पत्रकावर उद्घाटक, बीजभाषक, प्रमुख पाहुणे यांचे फोटो असतात. संस्थेच्या अध्यक्षांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची नावे असतात. उपविषयांची लांबलचक यादी, नोंदणी शुल्क, बँक खाते, क्यूआर कोड, फॉन्ट कोणता, दोन ओळींत अंतर किती, सगळे असते. आलेल्या गोषवाऱ्यांतून कोणते घ्यायचे हे कोण ठरवणार आणि कशावरून ठरवणार, हे मात्र शोधूनही सापडत नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवतो. पीएच.डी.चे विद्यार्थी माझ्याकडे आहेत आणि गोषवारे निवडणाऱ्या समित्यांवरही बसलो आहे. पाठवणाऱ्यांची धाकधूक आणि वाचणाऱ्यांची दमछाक, दोन्ही माहीत आहेत.

आपल्याकडे परिषदा दोन जातींच्या. पहिलीत कोणालाच नकार मिळत नाही. गोषवारा पाठवा, शुल्क भरा, पावतीचा स्क्रीनशॉट गुगल फॉर्मला जोडा. संध्याकाळच्या आत ‘आपला शोधनिबंध स्वीकारण्यात आला आहे’ असा मेल हजर. पुढे शंभर-सव्वाशे निबंधांचे आयएसबीएन असलेले जाडजूड पुस्तक निघते. तांत्रिक सत्रात प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात, त्यातली दोन व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे घेण्यात जातात, आणि चार वाजता प्रमाणपत्रांसाठी रांग लागते. रांग कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निबंधवाचनाला ७ गुण आहेत, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीला २. म्हणूनच परदेशातला एखादा वक्ता झूमवर वीस मिनिटे बोलला की तालुक्याचे चर्चासत्र आंतरराष्ट्रीय होऊन जाते. संशोधक विद्यार्थ्यांचेही तेच. आयोगाच्या २०१६ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत निबंध वाचणे सक्तीचे होते. २०२२ मध्ये सक्ती गेली, सवय उरली.

दुसऱ्या जातीच्या परिषदेत नकार असतो, पण तो कळवत नाहीत. विद्यापीठांचे मोठे विभाग, नावाजलेल्या संस्था, बऱ्यापैकी निधी. जागा थोड्या आणि गोषवारे दसपट. निवड करावीच लागते. ती अशी होते: निमंत्रक आणि दोघे-तिघे सहकारी एका दुपारी चहा मागवून बसतात. समोरच्या यादीत आधी नाव, मग महाविद्यालय, मग मार्गदर्शक आणि शेवटी निबंधाचे शीर्षक. ‘हा अमक्या सरांचा विद्यार्थी ना? घ्या.’ ‘हे कॉलेज कुठं आलं?’ ‘या बाईंनी मागं बरं वाचलं होतं.’ कोणाच्या मनात पाप असते असे मी म्हणत नाही. इतके गोषवारे एका बैठकीत उरकायचे तर माणूस ओळखीचाच आधार घेणार. ज्यांना वगळले त्यांना ते कार्यक्रमपत्रिका छापून आल्यावर कळते. तीही कोणीतरी पुढे पाठवली तर.

दोन्हीकडे तोटा मात्र एकाच व्यक्तीचा होतो. किनवट, धारणी, अक्कलकुवा किंवा एटापल्लीकडची मुलगी, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच, जिचे मार्गदर्शक पुण्या-मुंबईत कोणाला माहीत नाहीत. पहिल्या परिषदेत तिचा दोन वर्षांच्या क्षेत्रकार्यातून आलेला निबंध सव्वाशे निबंधांच्या ढिगात गडप होतो, आणि त्यातले कितीतरी रात्रीतून जुळवलेले असतात. दुसरीत तो कोणी उघडत नाही.

म्हणून पहिली मागणी: गोषवारे नाव झाकून वाचा.

ही पाश्चात्त्यांची हौस आहे असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला ऐकवले होते. उलट, जगात कुठे याची सगळ्यांत जास्त गरज असेल तर ती आपल्याकडे. आपल्याकडे आडनाव वाचले की जातीचा अंदाज येतो, पुष्कळदा गावाचाही. धर्म तर कळतोच. पहिल्या नावावरून बाई की पुरुष हे कळते. गोषवाऱ्याची पहिली ओळ वाचण्याआधी वाचणाऱ्याच्या मनात एवढे सगळे जमा झालेले असते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास निघाले, मुस्लिम नावाला एक-तृतीयांशाच्या आसपास. बदलले होते ते फक्त नाव.

तो नोकऱ्यांचा बाजार झाला, आपण विद्याव्यासंगी, असे कोणी म्हणेल. तर मग विद्वानांवरच केलेला एक प्रयोग सांगतो. व्हर्नन स्मिथ हे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले गृहस्थ. त्यांनी आणि एका फारशा परिचित नसलेल्या तरुण संशोधकाने मिळून एक निबंध लिहिला होता. वित्तशास्त्रातल्या परीक्षकांच्या एका गटाला तो फक्त स्मिथ यांच्या नावाने दाखवला, एका गटाला नावाशिवाय आणि एका गटाला फक्त त्या तरुणाच्या नावाने. ‘नाकारावा’ असे मत पहिल्या गटात २३ टक्क्यांनी दिले, दुसऱ्यात ४८ आणि तिसऱ्यात ६५ टक्क्यांनी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या निबंधात एका शब्दाचाही फरक नव्हता.

झाकल्यावर काय होते, याचे सगळ्यांत नीटस उदाहरण खगोलशास्त्रात आहे. हबल दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून जगभरातून प्रस्ताव येतात आणि उपलब्ध वेळेपेक्षा कितीतरी जास्त येतात. २०१८ च्या फेरीपासून ते नावे झाकून तपासायला सुरुवात झाली. त्या फेरीत स्त्रियांनी नेतृत्व केलेल्या प्रस्तावांच्या यशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित वर गेले. त्याआधी ते वर्षानुवर्षे खालीच राहत आले होते. त्यांची रीत मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याला जशीच्या तशी घेता येईल. प्रस्ताव असा लिहायचा की ‘आमच्या पूर्वीच्या कामात दाखवल्याप्रमाणे’ असे वाक्य त्यात येऊच नये. समितीच्या बैठकीत एक माणूस एवढ्यासाठीच बसवायचा की चर्चा प्रस्ताव सोडून ‘हे कोणाचे असेल बरे’ याकडे वळली की त्याने ती थांबवावी. सगळी क्रमवारी लागली की मगच नावे उघडायची, तीसुद्धा ही मंडळी हे काम पार पाडू शकतील ना एवढे बघण्यापुरती. नाव पाहून कोणाला वर सरकवता येत नाही.

आपल्या शाखांत हे तितके सरळ जाणार नाही, हे मान्य. मोडी कागदपत्रांवर काम करणारे इतके मोजके की शीर्षक वाचले की माणूस डोळ्यांपुढे येतो. स्वतःच्याच वस्तीत, स्वतःच्याच जमातीत क्षेत्रकार्य करणारीला ‘मी इथली आहे’ हे लिहावेच लागते. तो तिच्या संशोधनपद्धतीचा भाग आहे, तो पुसायला सांगणे म्हणजे तिचे हत्यारच काढून घेणे. तेव्हा झाकणे पहिल्या वाचनापुरतेच ठेवा. गुण पडून यादी तयार झाली की नावे उघडा आणि मग एकदा थांबून पाहा: निवडलेल्यांत एकाच शहराची गर्दी झाली आहे का, एकाच मार्गदर्शकाचे चौघे आहेत का, विदर्भ-खानदेशातून कोणी आलेच नाही का. गुणांत बरोबरीला असलेल्यांत तिथे समतोल साधा. हे उघडपणे करा, आणि केल्याचे लिहून ठेवा. कोणी म्हणेल याला सॉफ्टवेअर लागेल, पैसे लागतील. काही लागत नाही. गुगल फॉर्मची एक्सेल शीट निघते. नाव, महाविद्यालय आणि मार्गदर्शक हे तीन रकाने लपवून प्रत्येक गोषवाऱ्याला क्रमांक द्यायला कार्यालयातल्या लिपिकाला फार वेळ लागत नाही.

वाचणारे कोण? निदान दोघे, आणि त्यातला एक संस्थेबाहेरचा. स्वतःच्या विद्यार्थ्याचा गोषवारा कोणी तपासायचा नाही. हे इतके उघड आहे की लिहायलाही संकोच वाटतो, पण लिहावे लागते आहे. दोघांची मते फार वेगळी पडली तर तिसऱ्याला द्या.

निकषांबद्दल माझे मत ठाम आहे. प्रश्न नेमका काय आहे. तो सोडवायला हाताशी कोणती सामग्री आहे. आधी झालेल्या कामाची दखल आहे का. आणि निबंध ऐकून काय नवे कळणार. बस. भाषेची सफाई हा निकष नको. आपल्या समित्यांत ‘इंग्रजी कच्चे आहे’ हा शेरा ‘विचार कच्चा आहे’ अशा अर्थाने वापरला जातो, आणि मराठीतल्या गोषवाऱ्याला तर ‘बोलीभाषेत लिहिले आहे’ म्हणून गुण कापलेले मी पाहिले आहेत. उलटही होते. ‘उत्तर-वासाहतिक’, ‘संविमर्श’, ‘परिप्रेक्ष्य’ असे जड शब्द ओळीने मांडले की आत काही नसले तरी पूर्ण गुण. निकष आधी छापले तर दोन्हींना चाप बसेल, आणि पाठवणाऱ्यालाही कळेल की तीनशे शब्दांत पहिले दोनशे विषयाच्या थोरवीवर उधळायचे नसतात.

इतके करूनही निवड अचूक होईल का? नाही. न्यूरिप्स ही यंत्रशिक्षणातली (मशीन लर्निंग) जगातली एक मोठी परिषद. २०१४ मध्ये तिच्या आयोजकांनी आलेल्या निबंधांपैकी दहा टक्के निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे तपासायला दिले. एका समितीने घेतलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले. अगदी वाईट निबंध दोघींनाही ओळखता येतात. मधल्यांचे भवितव्य मात्र वाचणारा कोण यावर ठरते. हे एकदा स्वीकारले तर माझी पुढची सूचना तितकी विचित्र वाटणार नाही: जागा वीस असतील तर सरस ठरलेले बारा-तेरा निबंध गुणांवर घ्या आणि उरलेल्या जागांसाठी मधल्या फळीतून चिठ्ठ्या काढा. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ मध्ये काही संशोधन अनुदाने अशी सोडतीने द्यायला सुरुवात केली. लंडनच्या ब्रिटिश अकादमीनेही छोट्या अनुदानांसाठी ही पद्धत घेतली आहे. आपण म्हाडाची घरे आणि सरपंचपदांची आरक्षणे सोडतीने ठरवतो, भर सभेत लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतो आणि निकाल मानतो. ज्या दोन निबंधांतला फरक समितीला सांगता येत नाही, तिथे चिठ्ठी ही ओळखीपेक्षा केव्हाही बरी. शिवाय चिठ्ठी निघाली नाही तर विद्यार्थी स्वतःला नालायक समजत नाही.

आता दाराबाहेरच राहून जाणाऱ्यांकडे येतो. निवडीचा अन्याय पुष्कळदा निवडीच्या आधीच होऊन गेलेला असतो.

फॉन्टची गोष्ट घ्या. अजूनही कितीतरी पत्रकांत मराठी निबंध कृतीदेव किंवा श्रीलिपीतच पाठवा अशी अट असते, कारण छपाईवाल्याकडे तेच आहे. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामायिक अक्षरपद्धतीतले, नाहीत. त्यातला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असते. दृष्टिहीन संशोधकाला पडद्यावरचे वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर तो मजकूर वाचू शकत नाही. त्याला स्वतःचा निबंध स्वतः तपासता येत नाही, आणि परिषदेनंतर निघालेले पुस्तकही ऐकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सभागृहात रॅम्प बांधल्याचे फोटो महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात लागतात आणि अट मात्र कृतीदेवची. (वाङ्मयचौर्य तपासणारी सॉफ्टवेअरेही असा मजकूर वाचू शकत नाहीत, हा त्यातला आणखी एक भाग. काहींना तो गैरसोयीचा वाटत नसावा.) ‘युनिकोड चालेल’ हे दोन शब्द छापायला काहीच पडत नाही; छपाईवाल्याने रूपांतर करून घ्यावे.

मग शुल्क. पगारदार प्राध्यापकाला आणि संशोधक विद्यार्थ्याला शुल्क वेगळे असते, ते ठीक. पण तासिका तत्त्वावर शिकवणारे? त्यांना प्राध्यापकाच्या रांगेत उभे करून पूर्ण शुल्क घेतले जाते, आणि त्यांची बिले सहा-सहा महिने निघालेली नसतात. विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा हप्ता कधी येईल याचाही भरवसा नसतो. निवड होण्याआधी शुल्क घेणे तर ताबडतोब थांबवा. तसे घेतल्यावर नकार देण्याचा धीर समितीला होत नाही, आणि पहिल्या जातीच्या परिषदेचे मूळ तिथेच आहे.

प्रवासाचेही बघा. गडचिरोलीहून पुण्याला यायचे तर आधी एसटीने नागपूर किंवा चंद्रपूर आणि मग रात्रभराची गाडी. निवडीची बातमी परिषदेच्या आठ दिवस आधी दिली तर आरक्षण मिळत नाही. मग ज्याची गाडी स्वतःची किंवा घर पुण्यात, तोच पोचतो. निवड दीड महिना आधी जाहीर करा. लहान मूल असलेल्या प्राध्यापिकेला मुक्कामी येणे जमत नसेल तर ऑनलाइन वाचू द्या, आणि ऑनलाइनवाल्यांना शेवटच्या सत्रात, निम्मे सभागृह चहाला गेलेले असताना, ढकलू नका.

निवड झाल्यावरही एक खोड राहते. दलित विद्यार्थ्याचा निबंध ‘वंचितांचे प्रश्न’ या सत्रात, बाईचा ‘स्त्री-अभ्यास’ सत्रात, आदिवासी मुलाचा ‘लोकसंस्कृती’त, आणि सकाळच्या मुख्य सभागृहात सिद्धांत. जमीनमालकीच्या अर्थशास्त्रावर लिहिलेला माझ्या एका विद्यार्थ्याचा निबंध केवळ त्याच्याकडे पाहून ‘अनुभवकथन’ या सत्रात टाकला गेला होता. भारतीय सामाजिक शास्त्रांत सैद्धांतिक ब्राह्मण आणि अनुभवजन्य शूद्र अशी विभागणी झाली आहे, असे राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्येच लिहून ठेवले आहे. आपल्या कार्यक्रमपत्रिका ती विभागणी अजूनही छापतात. सत्रे विषयावरून लावा, माणसावरून नको.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे: असे दार उघडले तर दर्जा घसरेल. दर्जा कोणत्या दाराने घसरतो ते एकदा पाहू. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले. त्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशाचे हसे झाले. ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ज्या संस्कृत ग्रंथाचा आधार या विषयात घेतला जातो, त्याची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. तो मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ‘आधी झालेल्या कामाची दखल आहे का’ एवढा एकच निकष लावला असता तरी पुरले असते. एकेचाळीस वर्षे तो निष्कर्ष छापील स्वरूपात उपलब्ध होता. आणि तो निबंध किनवटच्या नवख्या मुलीने गुगल फॉर्म भरून पाठवलेला नव्हता. तो संस्कृतमधल्या प्राचीन विज्ञानावर मुद्दाम योजलेल्या परिसंवादातून आला होता. निमंत्रितांना कोणी निकष लावत नाही. तेव्हा बीजभाषक आणि निमंत्रित वक्त्यांकडूनही गोषवारा मागवा. ज्येष्ठांना राग येईल, येऊ द्या.

शेवटचे मागणे नकाराच्या पत्राचे. ज्यांना घेतले नाही त्यांना दोन ओळी लिहा: कुठे कमी पडले, काय वाढवले तर बरे होईल. तपासणाऱ्या दोघांनी गुणपत्रकावर लिहिलेला शेरा तसाच पाठवला तरी चालेल. किती आले, किती घेतले, मराठीतले किती, विद्यार्थ्यांचे किती, कोणत्या विद्यापीठांतून, हे आकडे परिषदेच्या दिवशी फलकावर लावा. शाल-श्रीफळाला जो वेळ जातो त्यातला काही सत्काराऐवजी याला द्या.

हे सगळे एका वर्षात होणार नाही. यंदा निदान दोन गोष्टी करा: निवडीआधी शुल्क घेऊ नका आणि पहिले वाचन नावे झाकून होऊ द्या. संस्थेबाहेरचा वाचक मिळत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून सांगतो: मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कोणत्याही समितीने समाजशास्त्राचे क्रमांक घातलेले गोषवारे माझ्याकडे पाठवावेत. मानधन नको. पंधरा दिवसांची मुदत द्या, निकषांचा कागद सोबत जोडा, आणि कृपा करून कृतीदेवमध्ये पाठवू नका.

आपला,
तालुक्याच्या महाविद्यालयातला समाजशास्त्राचा एक प्राध्यापक